बॉयकॉट: एका आडनावाचे क्रियापद कसे झाले

‘बॉयकॉट’ हा इंग्रजी शब्द मराठी बातम्यांत आणि रोजच्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याचा अर्थ विचारावा असे सहसा कोणाला वाटत नाही. एखादी व्यक्ती, वस्तू, संस्था किंवा समारंभ यांच्याशी असलेला संबंध अनेकांनी मिळून, ठरवून आणि निषेधासाठी किंवा दबाव आणण्यासाठी तोडणे, असा त्याचा अर्थ सांगता येईल. एकट्या गिऱ्हाइकाने एखाद्या दुकानाची पायरी चढणे सोडले तर ती त्याची नाराजी असते. सगळ्या आळीने ठरवून सोडले आणि का सोडले हे दुकानदाराला कळवले, की तो बॉयकॉट होतो. शब्द नाम म्हणूनही वापरला जातो आणि क्रियापद म्हणूनही. त्याच्या आरंभी दिसणाऱ्या ‘बॉय’ या अक्षरांचा मुलगा या अर्थाशी काही संबंध नाही. इंग्लंडचे सलामीचे फलंदाज जेफ्री बॉयकॉट यांच्यामुळे क्रिकेटप्रेमी मराठी वाचकाला हे नाव आडनाव म्हणून ओळखीचे असते, आणि शब्दाचा उगमही नेमका तोच आहे: तो एका माणसाच्या आडनावावरून आला. बहुतेक शब्दांच्या जन्माची वेळ सांगता येत नाही. हा शब्द मात्र १८८० सालच्या शरद ऋतूत, आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यात जन्मला, हे खात्रीने सांगता येते.

त्या काळी आयर्लंड ब्रिटिश राज्याचा भाग होता आणि तिथली बहुतेक शेतजमीन मोजक्या जमीनदारांच्या हाती होती. कसणारा शेतकरी कूळ होता. खंड थकला, किंवा जमीनदाराच्या मनात आले, तर त्याला घरासकट जमिनीवरून बेदखल करता येत असे. १८४५ पासून पडलेल्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे भूक आणि रोगराई यांनी दगावली, आणि आणखी तेवढीच देश सोडून गेली. ती आठवण ताजी असतानाच १८७९ मध्ये पुन्हा पीक बुडाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आयरिश नॅशनल लँड लीग ही कुळांची संघटना स्थापन झाली. चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल तिचे अध्यक्ष होते, आणि स्वतः बेदखल झालेल्या कुटुंबात वाढलेले मायकेल डेव्हिट हे तिचे खरे संघटक होते. वाजवी खंड, कसणाऱ्याच्या ताब्याची हमी आणि आपला हक्क विकण्याची मोकळीक या तिच्या मुख्य मागण्या होत्या.

१९ सप्टेंबर १८८० रोजी क्लेअर परगण्यातील एनिस या गावी पार्नेल यांची मोठी सभा झाली. शेजाऱ्याला बेदखल करून मोकळी झालेली जमीन जो माणूस लिलावात घेतो त्याचे काय करावे, असा प्रश्न त्यांनी श्रोत्यांना विचारला. गर्दीतून ‘गोळी घाला’ असे उत्तर आले. पार्नेल यांनी त्यावर, याहून चांगला आणि ख्रिस्ती धर्माला शोभणारा मार्ग आपल्याजवळ आहे, असे सांगितले: असा माणूस रस्त्यात भेटला तर त्याला टाळा, दुकानाच्या गल्ल्यापाशी टाळा, बाजारात टाळा, प्रार्थनास्थळातही टाळा, आणि जुन्या काळी महारोग्याला जसे दूर ठेवत तसे त्याला एकटे पाडा. या भाषणाचे महत्त्व समजून घेण्यासाठी तेव्हाचा आयर्लंड डोळ्यांपुढे आणावा लागतो. जमिनीच्या भांडणात रात्री-अपरात्री गोळीबार होणे, गुरांना इजा करणे, गंजी पेटवणे हे तिथे घडत होते, आणि त्याला उत्तर म्हणून सरकार आणखी कडक कायदे करत होते. पार्नेल यांनी सुचवलेल्या मार्गात कायद्याला पकडायला काहीच नव्हते, कारण एखाद्याशी न बोलणे हा तेव्हा गुन्हा नव्हता.

या उपायाचा पहिला मोठा प्रयोग तीनच दिवसांनी झाला, आणि तो लिलावात जमीन घेणाऱ्यावर न होता जमीनदाराच्या कारभाऱ्यावर झाला. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातील एका धर्मोपदेशकाचा मुलगा. जन्म १८३२ चा. त्याने तरुणपणी काही वर्षे सैन्यात काढली होती, म्हणून लोक त्याला कॅप्टन म्हणत. लॉर्ड अर्न या जमीनदाराची मेयोमधील जमीन सांभाळणे आणि कुळांकडून खंड वसूल करणे हे त्याचे काम होते. शिवाय लॉक मास्क या सरोवराच्या काठी तो स्वतःही शेती करत असे. कडक शिस्तीचा आणि किरकोळ चुकीसाठी दंड करणारा म्हणून कुळांत त्याची ख्याती होती. १८८० मध्ये लॉर्ड अर्नने खंडात दहा टक्के सूट देऊ केली. कुळांनी पंचवीस टक्के मागितली. ती नाकारली गेली, आणि खंड न भरणाऱ्या अकरा कुळांना बेदखल करण्याच्या नोटिसा निघाल्या. २२ सप्टेंबरला पोलिसांच्या बंदोबस्तात बेलीफ त्या बजावू लागला. तीन नोटिसा बजावून होईपर्यंत आसपासच्या बायका जमल्या आणि त्यांनी दगड, चिखल व शेणखत यांचा असा मारा केला की बेलीफ आणि पोलीस यांना बॉयकॉटच्या घराचा आसरा घ्यावा लागला.

त्यानंतर एका-दोन दिवसांतच घरातील नोकर आणि शेतावरील मजूर निघून गेले. लोहाराने घोड्यांना नाल ठोकायचे नाकारले, धोबिणीने कपडे धुणे थांबवले, टपाल आणणाऱ्या मुलाला ते काम सोडायला सांगण्यात आले. जवळच्या बॅलिनरोब गावातील दुकानदार त्याला माल देईनात, त्यामुळे किराणा दुसऱ्या गावाहून सरोवरातून होडीने आणावा लागू लागला. बॉयकॉटला कोणी हात लावला नाही. त्याच्या शेतात धान्य, बटाटे आणि सलगम उभे होते; ते काढायला मात्र माणूस मिळेना.

ऑक्टोबरमध्ये त्याने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून आपली हकीगत कळवली, आणि मेयोतील एका आडबाजूच्या शेताचे भांडण इंग्लंडभर गाजू लागले. त्याच्या मदतीसाठी निधी उभा राहिला. कॅव्हन आणि मोनाहन या परगण्यांतून प्रॉटेस्टंट ऑरेंज संघटनेचे पन्नास स्वयंसेवक पीक काढायला निघाले, आणि त्यांच्या रक्षणासाठी सरकारने सुमारे एक हजार सैनिक व पोलीस पाठवले. रेल्वे स्थानकापासून बॅलिनरोबपर्यंत त्यांना न्यायला कोणी गाडीवान तयार नव्हता, म्हणून ही सगळी मंडळी कोसळत्या पावसात चालत गेली. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात दोन आठवडे पाऊस आणि चिखल यांत कापणी चालली. सुमारे पाचशे पौंडांचे पीक घरात आणायला दहा हजार पौंड खर्च आला, असा त्या वेळचा अंदाज आहे. एकेका सलगमाला एक शिलिंग पडला, असे पार्नेल म्हणाले. काम संपताच बॉयकॉट कुटुंबासह निघाला. गाडी हाकायला कोणी मिळेना, तेव्हा सैन्याच्या रुग्णवाहिकेतून त्याला स्थानकावर पोचवण्यात आले. डब्लिनमध्ये तो ज्या हॉटेलात उतरला त्या हॉटेललाही धमकी आली, आणि १ डिसेंबरला त्याने इंग्लंडची बोट धरली. तो १८९७ मध्ये वारला, तोपर्यंत त्याचे नाव जगातील अनेक भाषांत क्रियापद म्हणून वापरले जात होते.

ते क्रियापद कसे झाले याची हकीगत जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने सांगितली आहे. तो या चळवळीच्या बातम्या देण्यासाठी मेयोत आला होता आणि फादर जॉन ओमॅली या स्थानिक धर्मगुरूंबरोबर जेवत होता. लोक एखाद्या जमीनदाराला किंवा कारभाऱ्याला असे वाळीत टाकतात त्याला काय म्हणावे, हे त्याला सुचत नव्हते. इंग्रजीत त्यासाठी ‘ऑस्ट्रसाइझ’ हा शब्द होता, पण तो ग्रीक उगमाचा, पुस्तकी शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, असे फादर म्हणाले. थोडा विचार करून त्यांनी सुचवले, ‘टू बॉयकॉट’ म्हटले तर? त्या परिसरातील प्रत्येकाला ते नाव माहीत होते, आणि त्या माणसाचे काय झाले हेही माहीत होते. रेडपाथने ऑक्टोबरमध्येच हा शब्द अमेरिकन वर्तमानपत्रात छापला. नोव्हेंबरमध्ये तो ‘टाइम्स’मध्ये, आणि आता दुसऱ्याच गावातील दुसऱ्याच माणसांबद्दल वापरलेला दिसतो. म्हणजे खुद्द बॉयकॉट अजून आयर्लंडमध्येच असताना त्याचे आडनाव त्याच्यापासून सुटे झाले होते.

एवढ्या वेगाने शब्द रुजण्याचे कारण त्याच्या गरजेत आहे. कृती जुनीच होती. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून एखाद्या प्रबळ पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी नगराबाहेर घालवत, आणि त्या खापराच्या ग्रीक नावावरूनच ‘ऑस्ट्रसाइझ’ शब्द आला. १७९१ नंतर इंग्लंडमधील हजारो कुटुंबांनी गुलामांच्या श्रमातून आलेली साखर वापरणे सोडले, तेव्हा त्यांनी जे केले ते आजच्या अर्थाने बॉयकॉटच होते, फक्त त्यासाठी एकच असे नाव नव्हते. मेयोतील घटनेने ते नाव दिले. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन या भाषांनी ते थोड्याफार फरकाने उचलले. जपानीतही ‘बोइकोत्तो’ असा शब्द आहे.

मराठीला मात्र या शब्दाची उसनवार करण्याची तेवढी निकड नव्हती, कारण तिच्याजवळ ‘बहिष्कार’ होता. बहिस् म्हणजे बाहेर आणि कार म्हणजे करणे. बहिष्कार म्हणजे बाहेर काढणे. बोलीत त्यालाच वाळीत टाकणे म्हणतात, आणि जातीतील धर्मविषयक तंट्यांतून पडणाऱ्या अशा बहिष्काराला पूर्वी ग्रामण्य म्हणत. एखाद्याचा पंक्तिव्यवहार बंद करणे, त्याच्याशी सोयरीक न करणे, त्याच्या घरच्या कार्याला भटजी न मिळू देणे, ही त्याची रूपे होती. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. तिथे हजर असलेल्यांची नावे पुढे वर्तमानपत्रात छापली गेली, आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल सनातनी मंडळींनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले. त्या मंडळीत महादेव गोविंद रानडे होते आणि बाळ गंगाधर टिळकही होते. प्रायश्चित्ताचा प्रश्न पुढे बराच काळ गाजत राहिला.

याच टिळकांनी पंधरा वर्षांनी बहिष्कार हा शब्द वेगळ्या दिशेने चालवला. बंगालच्या फाळणीच्या विरोधात ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत ब्रिटिश मालावर बॉयकॉट पुकारण्यात आला. त्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री महाराष्ट्रात घरोघरी पोचली. स्वदेशीचा विचार इथे नवा नव्हता. पुण्याचे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातसुताच्या खादीचा पोशाख करून गेले होते. नवीन होते ते बहिष्कार या शब्दाचे लक्ष्य. जो शब्द तोवर जात आपल्याच माणसाविरुद्ध वापरत असे, तो आता राज्यकर्त्यांच्या व्यापाराविरुद्ध वापरला जाऊ लागला. यात आयर्लंडच्या त्या शब्दाची छाया स्पष्ट दिसते. आयरिश लढ्याच्या बातम्या इथले पुढारी लक्ष देऊन वाचत होते.

अशा रीतीने ‘बहिष्कार’ या एकाच मराठी शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आल्या, आणि बॉयकॉटचा अर्थ नीट समजायचा असेल तर त्या वेगळ्या करून पाहाव्या लागतात. मेयोमध्ये कुळांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याला एकटे पाडले. त्यांच्याजवळ जमीन नव्हती, पोलीस नव्हते, न्यायालय नव्हते. आपले श्रम आणि आपली सोबत एवढेच काढून घेण्यासारखे त्यांच्याजवळ होते. महाराष्ट्राच्या खेड्यात हीच कृती नेमकी उलट दिशेने होत आली. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या समाजाने घेतले. पाणवठ्यावरचा असा हक्क मागितला की उत्तर म्हणून गावोगावी सामाजिक बहिष्कार घातला जाई. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये स्थापलेल्या संस्थेचे नाव ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ होते आणि ३ एप्रिल १९२७ पासून निघालेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ होते, हा योगायोग नाही. बहिष्कार ही त्यांच्या समाजाची कायमची स्थितीच होती, आणि हक्क मागितला की ती आणखी आवळली जात असे.

मुंबई सरकारने नेमलेल्या आणि बाबासाहेब स्वतः जिच्यात सदस्य होते त्या स्टार्ट समितीच्या १९३० च्या अहवालात या बहिष्काराचे वर्णन आहे. कसायला दिलेली जमीन काढून घेणे, मजुरी बंद करणे, गावकामाचा मोबदला थांबवणे, वापरातील वाट अडवणे, वाण्याने किराणा न देणे, असे त्याचे प्रकार. हे वाचताना बॅलिनरोबचे दुकानदार आणि लॉक मास्कचा लोहार आठवल्याशिवाय राहत नाहीत. बाह्य कृती तंतोतंत तीच आहे. पण बॉयकॉटला होडीने किराणा आणता येत होता, त्याच्यासाठी हजार सैनिक धावून आले, आणि शेवटी त्याला परतायला देश होता. गावकुसाबाहेरच्या माणसाला यांतले काहीच नव्हते. उद्याची भाकरीच बहिष्कार घालणाऱ्याच्या शेतातून येणार होती. माझ्या मते या शब्दाविषयी कळून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. संबंध कोणी तोडला, आणि ज्याच्याशी तोडला त्याला त्या संबंधावाचून जगता येते का, हे कळल्याशिवाय बॉयकॉट न्याय्य की अन्याय्य हे शब्दावरून ठरत नाही.

लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेबांनी आणि मद्रासकडील दलित नेते रावबहादुर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. त्यासाठी लागणारी बॉयकॉटची कायदेशीर व्याख्या त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यातून थोडे फेरफार करून घेतली. घर किंवा जमीन भाड्याने न देणे, काम न देणे, व्यवहार किंवा सेवा नाकारणे, रूढीप्रमाणे जे सामाजिक संबंध ठेवले जातात ते तोडणे, हे सारे तिच्यात येते. आयरिश कुळांच्या झोपड्यांतून निघालेला शब्द अशा रीतीने एका ब्रिटिश वसाहतीच्या कायद्यात शिरला, आणि तिथून भारतातील सर्वांत दुबळ्या माणसांच्या बचावासाठी उचलला गेला.

अमेरिकेतही हीच अडचण एका मोठ्या नेत्याला जाणवली होती. अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीय नागरिकांनी ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस शहर बसने प्रवास केला नाही. त्या लढ्याला सगळे जग ‘बस बॉयकॉट’ म्हणते. पण समतेच्या मागणीला विरोध करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनाही कृष्णवर्णीयांची नोकरी आणि उधारी बंद करून आर्थिक बॉयकॉटच करत होत्या, आणि म्हणून आपण तेच तर करत नाही ना, असा प्रश्न मार्टिन ल्यूथर किंग यांना सुरुवातीला पडला. अन्यायी व्यवस्थेला दिलेले सहकार्य आपण काढून घेत आहोत, कोणाला धंद्यातून उठवत नाही, या विचाराशी ते येऊन ठेपले. मराठी वाचकाला यात असहकार हा गांधीजींचा शब्द ऐकू येईल.

वापराच्या दृष्टीने काही शेजारशब्दांपासून बॉयकॉट वेगळा ठेवायला हवा. बंदी अधिकार असलेला घालतो. बॉयकॉट करणाऱ्याजवळ तसा अधिकार असावा लागत नाही. संपात कामगार आपले काम थांबवतो, बॉयकॉटमध्ये गिऱ्हाईक, प्रेक्षक, मतदार किंवा शेजारी आपला सहभाग थांबवतो. एका देशाचे सरकार दुसऱ्या देशाशी व्यापार बंद करते तेव्हा निर्बंध हा शब्द अधिक नेमका असतो. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकला अमेरिका आणि इतर अनेक देशांनी संघ पाठवले नाहीत, त्याला मात्र बॉयकॉट म्हणणे बरोबर आहे, कारण तिथे स्पर्धा रोखलेली नव्हती, तिच्यातील सहभाग नाकारलेला होता. भारताने त्या स्पर्धेत भाग घेतला आणि हॉकीचे सुवर्णपदक मिळवले. विधानसभेतून घोषणा देत बाहेर पडणे हा सभात्याग. अधिवेशनाच्या कामकाजात भागच न घेणे हा बहिष्कार. मराठीत बहिष्कार ‘टाकतात’ किंवा ‘घालतात’, आणि ज्यावर टाकायचा त्याला ‘वर’ लागतो: मतदानावर बहिष्कार, उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार. ‘मतदानाला बहिष्कार केला’ अशी रचना अलीकडे कानावर येते; ती टाळावी.

कायद्याने आता यांतील एका अर्थाला गुन्हा ठरवले आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातीतून किंवा धर्मसमूहातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता, पण दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मप्रमुखांनी दिलेल्या आव्हानावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरवला. पुढे जातपंचायतींच्या जाचाची प्रकरणे कोकणातून आणि इतर भागांतून सतत उघडकीला येत राहिली आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी नव्या कायद्याचा आग्रह धरला. व्यक्तींना सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने संमत केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे. एखाद्या कंपनीचा माल घेऊ नका, असे आवाहन गिऱ्हाइकांनी करणे या कायद्यांच्या कक्षेत येत नाही. जातीच्या पंचांनी एका कुटुंबाला गावच्या लग्नाला, अंत्ययात्रेला किंवा देवळात येऊ न देणे येते.